वॉकर म्हणजे चालणारा नव्हे

ताई, नमस्कार. तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं: मुलगी लग्न होऊन उत्तर इंग्लंडातल्या लँकेशायरमध्ये स्थायिक झाली, जावई तिथलाच, आडनाव वॉकर. येत्या काही महिन्यांत नातवंड येईल आणि त्याच्या नावापुढे हेच लागेल. तेव्हा 'चालणारा' हे कसलं आडनाव? इंग्रजांना आडनावं लागली कधी आणि लावली कोणी? पावलोपावली भेटणारे स्मिथ एकाच घराण्यातले का? आणि जावयाचं घराणं मागे कुठवर शोधता येईल? मी वीसेक वर्षं यॉर्कशायरमध्ये राहून लोकांना वंशावळी शोधून देतो, त्यामुळे उत्तर लांबणार. चहा घेऊन बसा.

वॉकरपासूनच सुरुवात करू. या आडनावाचा फिरायला जाण्याशी काही संबंध नाही. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड तेलकट आणि विरळ असतं. ते अंगावर घालण्याजोगं करायचं तर हौदात टाकायचं, पाण्यात शिळं मूत्र आणि एक प्रकारची तेल शोषणारी माती कालवायची आणि तासन्‌तास पायांनी तुडवायचं. मूत्रातल्या अमोनियामुळे लोकरीचा चिकटपणा सुटतो, तुडवल्यामुळे तंतू एकमेकांत गुंततात, कापड आटतं आणि दाट होतं. मग ते उघड्यावर लाकडी चौकटींना आकड्यांनी ताणून वाळवायचं. घोंगडीला खळ देतात तसाच हा विणल्यानंतरचा सोपस्कार, फक्त वासाच्या बाबतीत कितीतरी वरचढ. हे तुडवण्याचं काम करणारा तो वॉकर. ज्या जुन्या इंग्रजी क्रियापदापासून हा शब्द आला त्याचा अर्थच मुळात 'लोळवणं, घुसळणं' असा होता. 'चालणं' हा अर्थ नंतर चिकटला. बाराव्या शतकाच्या अखेरीपासून हे काम हळूहळू पाणचक्कीवरच्या लाकडी हातोड्यांकडे गेलं. म्हणजे आडनाव पक्कं झालं त्या काळातले बरेच वॉकर स्वतः तुडवतही नसतील, चक्की सांभाळत असतील. शब्द मात्र पायांचाच राहिला.

खरी गंमत पुढे आहे. याच कामाला इंग्लंडात तीन शब्द होते आणि तिन्हींची आडनावं झाली. आग्नेयेकडे हा माणूस फुलर, नैर्ऋत्येला डेव्हन-सॉमरसेटकडे टकर, उत्तरेत आणि मध्य भागात वॉकर. एक्सेटर शहरात या मंडळींच्या संघाची टकर्स हॉल नावाची पंधराव्या शतकातली इमारत अजून उभी आहे. ती लँकेशायरमध्ये असती तर तिचं नाव वॉकर्स हॉल पडलं असतं. म्हणजे 'वॉकर' हे आडनाव मूळ पुरुषाचा धंदा सांगतं, आणि त्याच्या शेजाऱ्यांची बोलीही सांगतं. (न्यूकॅसलजवळ वॉकर नावाचं गावही आहे, त्यावरून काही थोडे वॉकर आले असतील. पण लोकरीच्या पट्ट्यातल्या वॉकरांसाठी तो विचार करायचं कारण नाही.)

ही शेजाऱ्यांची गोष्ट लक्षात ठेवा, कारण इंग्लिश आडनावांची मेख तिथेच आहे. आपल्याकडे आडनाव म्हटलं की कूळ, वतन, घराणं असा सगळा थाट डोळ्यांसमोर येतो. इंग्लंडात सामान्य माणसाचं आडनाव म्हणजे गावकऱ्यांनी मारलेली हाक. ती कुणा कारकुनाच्या कानावर पडली, त्यानं ती करवसुलीच्या किंवा कचेरीच्या कागदावर लिहिली आणि पुढे मुला-नातवंडांना ती पुसता आली नाही. ज्याच्या नावावर ती पडली त्याला कुणी विचारलेलं नव्हतं.

१०६६ च्या आधी बहुतेक इंग्रजांना एकच नाव असे. जुन्या इंग्रजीत दोन शब्द जोडून नावं करण्याची पद्धत होती, त्यामुळे हवी तितकी निरनिराळी नावं तयार होत. त्या साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं आणि शे-दीडशे वर्षांत लोकांनी आपली जुनी नावं टाकून राज्यकर्त्यांची उचलली: विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, हेन्री, शिवाय चर्चमुळे जॉन आणि थॉमस. चौदाव्या शतकात दर तीन-चार पुरुषांमागे एक जॉन होता. आता एका गावात आठ जॉन असतील आणि त्यातल्या एकानं दुसऱ्याच्या शेतात डुकरं सोडली, तर दंड कुठल्या जॉनला लावायचा? मग लोहार जॉन, विहिरीजवळचा जॉन, रॉबर्टचा जॉन, लाल केसांचा जॉन. जमीनदारांचं मात्र वेगळं. नॉर्मन सरदारांनी आपल्या फ्रान्समधल्या गावांची नावं स्वतःहून मिरवली. पर्सी घराण्याचं नाव नॉर्मंडीतल्या गावावरून आलं आहे. जहागिरीवर मुलाचा हक्क सांगायला एकच नाव पुढे चालवणं सोयीचं होतं. १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे विल्यमनं करवलेल्या जमिनींच्या पाहणीत, अशी नावं दिसतात. सामान्यांपर्यंत ही रीत झिरपायला आणखी तीन शतकं लागली: दक्षिणेत साधारण १३५० पर्यंत बहुतेकांना वंशपरंपरेनं चालणारं आडनाव लागलं, उत्तरेत आणखी शंभर वर्षं उशिरा. तुमच्या जावयाकडचा मुलूख हा उशिराचाच.

आता स्मिथ. १८८१ च्या खानेसुमारीत ब्रिटनमध्ये चार लाखांहून अधिक स्मिथ होते. हे सगळे एका लोहाराचे वंशज असणं शक्यच नाही. गंमत अशी की हे आडनाव इतकं पसरलं, कारण प्रत्येक गावात लोहार एकच होता. एकच असल्यामुळे 'लोहार जॉन' म्हटलं की गावाला पुरे. आणि अशी हजारो गावं. याच्या उलट शेतकरी. त्या काळी जवळजवळ सगळेच शेती करत, म्हणून 'शेतकरी जॉन' म्हणून कुणाचीच ओळख पटली नसती. फार्मर हे आडनाव त्यामुळे कमीच आढळतं, आणि जे आहे त्याचा मूळ अर्थही कराचा मक्ता घेणारा असा आहे.

गावांच्या नावांचंही तसंच. आपल्याला हे चटकन कळतं, कारण आपल्या 'कर'वाल्यांचाही अनुभव तोच. साताऱ्यात राहणाऱ्याला कुणी सातारकर म्हणत नाही. सातारा सोडून माणूस दुसरीकडे गेला की तो सातारकर होतो. इंग्लंडात कॉर्निश हे आडनाव कॉर्नवॉलच्या बाहेर पडलं. स्कॉट सरहद्दीच्या इंग्लंडच्या बाजूला, तर स्कॉटलंडात इंग्लिश माणसासाठी इंग्लिस. न्यूमन म्हणजे गावात नवा आलेला. त्याची नातवंडं त्याच गावात म्हातारी झाली तरी न्यूमनच.

काही नावांना गावाचीही गरज लागली नाही, झाडं-ओढे पुरले. वुड, हिल, ब्रूक, ग्रीन सरळ आहेत. नॅश थोडं फसवं. 'ॲश झाडाजवळचा' असं म्हणताना आधीच्या शब्दातला 'न' घसरून पुढच्याला चिकटला आणि ॲशचा नॅश झाला. नोक्स तसाच 'ओक' झाडांवरून. बोलताना शब्द कुठे तोडायचा हे कारकुनाला कळलं नाही, आणि त्याची चूक पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

मी जिथे काम करतो त्या यॉर्कशायरच्या पश्चिम भागाबद्दल थोडं जास्त बोलतो, सवयीचा दोष. हॅलिफॅक्सच्या आसपास कॅल्डर नदीचं खोरं आहे, तुमच्या मुलीच्या घरापासून डोंगर ओलांडला की आलंच. डोंगरउतारावर सुटी सुटी शेतघरं, मध्ये माळ. जंगल तोडून काढलेल्या तुकड्याला तिथे 'रॉइड' म्हणत. ओकची झाडं तोडून काढलेला तो ॲक्रॉइड. माळाच्या वाटेवरचा तो मर्गेट्रॉइड. हॉलरॉइड, बूथरॉइड, लीरॉइड, सगळे याच मातीतले. एकेका शेतघराचं नाव एकेका कुटुंबाला लागलं, आणि त्या नावाचं दुसरं शेतघर सहसा नसल्यामुळे ही आडनावं जवळपास एका घराण्याची राहिली. ग्रीनवूडही याच खोऱ्यातलं, हेप्टनस्टॉल गावाजवळचं. इथल्या शाळेच्या हजेरीपटात एकेका वर्गात दोन-तीन ग्रीनवूड आणि सटक्लिफ सहज निघतात.

याच भागातला १३७९ चा कागद आमच्या धंद्यात सोन्यासारखा आहे. राजाला फ्रान्सबरोबरच्या लढाईसाठी पैसा हवा होता म्हणून १३७७, १३७९ आणि १३८१ मध्ये डोईपट्टी बसवली. (तिसऱ्या पट्टीनंतर शेतकऱ्यांनी बंड केलं. त्यांच्या पुढाऱ्याचं नाव वॉट टायलर, म्हणजे कौलांचं काम करणारा.) १३७९ ची पश्चिम यॉर्कशायरची यादी बरीचशी शाबूत आहे. लॅटिनमध्ये नाव, 'आणि त्याची बायको', मग चार पेन्स, अशी ओळीमागून ओळ. आडनावं त्यात अजून ओली आहेत; वाळलेली नाहीत. कुणी नुसता अमक्याचा मुलगा, कुणी तमक्याचा नोकर. 'मॅथ्यूचा माणूस' यावरून पडलेलं मॅथ्यूमन हे आडनाव याच मुलखातलं. धन्याचं नाव नोकराच्या वंशाला लागलं.

बापाच्या नावावरून पडलेली आडनावं तर अफाट आहेत, कारण इंग्रज लोक नावं लाडानं मोडण्यात आपल्यापेक्षा कमी नव्हते. आपल्याकडे विष्णूचा विसू आणि गोविंदाचा गोंद्या होतो. त्यांनी वर यमकही जुळवलं. रॉबर्टचा रॉब, रॉबचा हॉब, हॉबचा डॉब. त्यातून रॉबिन्सन, हॉब्स, हॉबसन, हॉपकिन्स, डॉबसन. रिचर्डचा डिक आणि हिक, त्यातून डिक्सन, हिक्सन, हिगिन्स, हिचकॉक. रॉजरचा हॉज, त्यातून हॉजसन. वॉल्टरचा वॉट, त्यातून वॉटसन आणि वॉटकिन्स. हिचकॉक आणि रिचर्ड्स हे मुळात एकाच नावाचे पोर, हे कुणाला सांगूनही पटत नाही. उत्तरेत शेवटी 'सन' लागतं, दक्षिणेत आणि वेल्सच्या बाजूला नुसता 'स'. फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांचा 'मुलगा' म्हणजे 'फिट्झ'. पुण्यात बंडगार्डनचा पूल ज्याच्या नावाचा, तो मुंबईचा गव्हर्नर फिट्झजेराल्ड म्हणजे जेराल्डचा मुलगा. वेल्समध्ये 'मुलगा' म्हणजे 'अप'. तिथे अप रीसचा प्राइस झाला, अप हाउएलचा पॉवेल, अप ओवेनचा बोवेन. वेल्समधल्या डोंगराळ भागात तर बापाचं नाव लावायची चाल एकोणिसाव्या शतकापर्यंत रेंगाळली, आणि शेवटी सगळे एकदम जोन्स, डेव्हिस, विल्यम्स होऊन बसले.

आईच्या नावावरूनही आडनावं आहेत, हे मुद्दाम सांगतो. इझाबेलची इब, त्यातून इबटसन. मटिल्डाची टिल, त्यातून टिलटसन. मार्गारेटची मेग, तिचा मेगसन. लोक लगेच अनौरस संततीचा तर्क करतात. काही वेळा तसं असेलही, पण बरेचदा साधं कारण असतं: नवरा लवकर गेला, शेत बाईच्या नावावर होतं, गावाच्या लेखी घरातलं कर्तं माणूस तीच होती. १३४८-४९ च्या प्लेगनंतर अशी घरं काही थोडी नव्हती.

टोपणनावांवर फार थांबत नाही, ती तुम्ही स्वतःच ओळखाल: आर्मस्ट्राँग, लाँगफेलो, पाणी पिणारा ड्रिंकवॉटर (बहुधा दारुड्याला चिडवायला), भाला हलवणारा शेक्सपियर. किंग आणि बिशप आडनावाच्या लोकांचे पूर्वज राजे किंवा धर्मगुरू नव्हते. गावच्या नाटकातलं सोंग किंवा नुसता तोरा त्याला पुरेसा होता. एकाच नावाशी मात्र थांबावंच लागतं. ब्लेक म्हणजे काळा की गोरा? जुन्या इंग्रजीत 'काळा' आणि 'फिकट, पांढुरका' यांसाठी जवळजवळ एकच शब्द होता, फरक फक्त स्वराच्या लांबीचा. पुढे तो फरक बुजला. त्यामुळे एखाद्या ब्लेकचा पूर्वज काळ्या केसांचा होता की पांढऱ्या फटक चेहऱ्याचा, हे आज कुणीही छातीठोक सांगू शकत नाही. इंटरनेटवर सांगणारे भरपूर आहेत.

टोपणनाव आवडलं नाही तर बदलायची मुभा होती का? होती, आणि आजही आहे. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजमध्ये १४८७ च्या सुमाराला ह्यू सॉन्डर नावाच्या एका विद्वानाबद्दल नोंद आहे: हा आधी शेक्सपियर होता, पण ते नाव हलकं समजलं जातं म्हणून त्यानं बदललं. शंभरेक वर्षांनी त्याच आडनावाचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे. इंग्लंडच्या कायद्यात माणसाला कुणाला फसवायचं नसेल तर हवं ते आडनाव लावता येतं. लग्नानंतर बायकोनं नवऱ्याचं लावणं हीसुद्धा रूढी आहे. कायद्याची सक्ती नाही. तुमच्या मुलीनं तिचं तसंच ठेवलं असेल तर कुणी हरकत घेणार नाही.

वरच्या थरात तर आडनाव मालमत्तेबरोबर फिरे. कादंबरीकार जेन ऑस्टिनच्या भावाला नात्यातल्या श्रीमंत नाइट कुटुंबाची इस्टेट मिळाली आणि १८१२ मध्ये तो ऑस्टिनचा नाइट झाला. आपल्याला जवळचं उदाहरण हवं असेल तर १८०३ साली असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली घ्या. त्याच्या आजोबांचं मूळ आडनाव कॉली. वारसा मिळाला म्हणून १७२८ मध्ये त्यांनी वेस्ली लावलं. आर्थर जन्मला तो वेस्ली म्हणूनच; १७९८ च्या सुमाराला थोरल्या भावामागोमाग त्यानं वेलस्ली लिहायला सुरुवात केली, आणि पाच वर्षांनी तेच नाव घेऊन तो असईच्या मैदानात उतरला. १९१७ मध्ये जर्मनीशी युद्ध चालू असताना राजघराण्यानंच आपलं जर्मन नाव टाकून विंडसर घेतलं. त्याच वेळी बॅटनबर्ग कुटुंबानं 'बर्ग' म्हणजे डोंगर याचं भाषांतर करून माउंटबॅटन केलं. आपल्या शेवटच्या व्हाइसरॉयचं आडनाव भाषांतरित आहे, हे फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही.

आता जावयाच्या घराण्याकडे. कागद मागे कुठवर नेतील? १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं हुकूम काढला की प्रत्येक चर्चनं बाप्तिस्मा, लग्नं आणि दफनं यांची वही ठेवावी. त्या वह्यांमुळेच आमचं पोट चालतं. (पुढे यादवीत राजाविरुद्ध लढलेला ऑलिव्हर क्रॉमवेल रक्तानं पुरुषाकडून क्रॉमवेल नव्हताच. त्याचा पूर्वज रिचर्ड विल्यम्स हा या थॉमसच्या बहिणीचा मुलगा. मामाचा दबदबा पाहून त्यानं मामाचं आडनाव उचललं.) सगळ्या वह्या १५३८ पासूनच्या टिकलेल्या नाहीत, आणि १६४० ते १६६० च्या यादवीच्या काळात तर पानंच्या पानं कोरी आहेत. १ जुलै १८३७ पासून सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंदणी सुरू झाली आणि खानेसुमारीत सर्वांची नावं पद्धतशीर लिहिली जाऊ लागली ती १८४१ पासून.

म्हणून सुरुवात आजच्या टोकाकडून करायची. जावयाच्या आजी-आजोबांना आधी बोलतं करा. फोटोंच्या मागे लिहिलेलं वाचा. मग दाखले. खानेसुमारीचे कागद शंभर वर्षं बंद असतात, त्यामुळे १९२१ ची २०२२ मध्ये खुली झाली. १९३१ ची इंग्लंड-वेल्सची आगीत जळाली आणि १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. त्या खड्ड्यावर १९३९ ची युद्धकाळातली नागरिक नोंदवही हा उतारा. १८४१ ची वाचताना जपा: मोठ्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढून लिहिली आहेत. १८५१ पासून जन्मगाव मिळतं, तिथून चर्चच्या वहीचा रस्ता सापडतो.

स्पेलिंगच्या फरकाला घाबरू नका. शेक्सपियरच्या सहा सह्या उरल्या आहेत, त्यातली एकही आज आपण लिहितो त्या स्पेलिंगची नाही. नाव उच्चारात असे. कारकून ऐकेल तसं लिही. जुन्या हस्ताक्षरात मोठा 'एफ' हा दोन छोटे 'एफ' जोडल्यासारखा काढत. पुढच्या कुणाला तो डबल वाटला आणि काही घराणी आजही आपलं नाव दोन लहान 'एफ'नी सुरू करतात, वर त्याचा अभिमान बाळगतात. लॅटिन नोंदीत स्मिथचा फाबेर होतो, तेव्हा तो आडनावानं स्मिथ की धंद्यानं लोहार हे त्या एका ओळीवरून ठरवू नका.

आडनाव वंशपरंपरेचं झालं की नाही हे ओळखायची आमची एक युक्ती आहे. 'सन' म्हणजे मुलगा. एखाद्या मुलीच्या किंवा बाईच्या नावापुढे 'जॉन्सन' आलं, किंवा जॉन्सनच्या बापाचं नाव रॉबर्ट निघालं, की समजायचं शब्द मेला आणि आडनाव जन्मलं. धंद्याचंही तसंच: कवी जेफ्री चॉसरचं आडनाव जोडे-पायमोजे करणाऱ्याचं, पण त्याचा बाप लंडनमधला दारूचा व्यापारी होता.

मीच खाल्लेली एक ठेच सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका गिऱ्हाईकासाठी मी अठराव्या शतकातला एक जॉन वॉकर शोधत होतो. गाव जुळलं, साल जुळलं, बापाचं नाव जुळलं. त्या बाप्तिस्म्याच्या नोंदीवरून आणखी तीन पिढ्या मागे गेलो, सुबक तक्ता काढला, पैसे घेतले. काही महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी त्याच चर्चची दफनवही चाळत होतो. बोट एका ओळीवर थांबलं: तोच जॉन, तोच बाप, वय अकरा आठवडे. माझा 'पूर्वज' दात यायच्या आतच गेला होता. खरा जॉन वॉकर शेजारच्या चर्चच्या वहीत होता, त्याच्या बापाचंही नाव तेच. पैसे परत केले आणि सगळं पुन्हा शोधून दिलं. तेव्हापासून बाप्तिस्मा सापडला की मी आधी दफनवही उघडतो. वॉकर, स्मिथ, टेलर अशा गर्दीच्या आडनावांत हे न चुकता करायचं.

डीएनए चाचणीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण जावई विचारेल. आडनाव बापाकडून मुलाकडे जातं तसंच वाय गुणसूत्रही जातं, त्यामुळे दोन्ही ताडून पाहता येतात. लेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात हे फार छान दिसलं: ॲटनबरोसारख्या विरळ आडनावाच्या बहुतेक पुरुषांचं वाय गुणसूत्र एकाच मुळाचं, तर स्मिथ आडनावाच्या दोन पुरुषांत रस्त्यावरच्या कुठल्याही दोघांइतकंच साम्य. वॉकर हे स्मिथच्या बाजूचं. ऑस्ट्रेलियातला एखादा वॉकर 'आपण भाऊबंद' म्हणून पत्र पाठवील तर चहा पाजा, पण तक्त्यात लिहू नका. आणि मध्ये कुठे दत्तक-भानगड झाली असेल तर धागा तुटतो. तिसऱ्या रिचर्ड राजाची हाडं २०१२ मध्ये लेस्टरच्या एका वाहनतळाखाली सापडली. त्याच्या घराण्यातल्या आजच्या पुरुषवंशजांशी त्याचं वाय गुणसूत्र जुळलंच नाही, ओळख पटवायला आईकडच्या रेषेचा आधार होता.

लंडनमध्ये किंवा जत्रेत 'वॉकर घराण्याचं राजचिन्ह' असलेली थाळी विकत मिळेल. घेऊ नका. इंग्लंडात ढालचिन्ह व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना दिलं जातं, आडनावाला नाही. कुठल्यातरी वॉकरला मिळालेलं चिन्ह तुमच्या जावयाच्या भिंतीवर लावणं म्हणजे शेजाऱ्याचं बक्षीस आपल्या कपाटात ठेवणं.

एक शेवटची गोष्ट, जी तुमच्या प्रश्नात नव्हती पण ओळींमधून ऐकू आली. आईचं माहेरचं आडनाव मुलाचं मधलं नाव म्हणून ठेवण्याची इंग्रजांत जुनी रीत आहे. पूल आणि रेल्वे बांधणाऱ्या इझंबार्ड किंग्डम ब्रुनेलमधलं 'किंग्डम' हे त्याच्या आईचं, सोफिया किंग्डमचं माहेरचं आडनाव. वंशावळ शोधताना अशी मधली नावं आम्हाला फार उपयोगी पडतात; हरवलेली आजी कित्येकदा तिथेच सापडते. नातवंडाची नोंदणी जन्मापासून ४२ दिवसांत करावी लागते. मुलीशी त्याआधी बोलून घ्या, आणि तुमचं आडनाव घालायचं ठरलं तर स्पेलिंग तिच्या पासपोर्टवर आहे तेच लिहायला सांगा.